दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेकडे गेलेला पैसा आणि संसदेपुढे न आलेले आदेश

डिचोलीच्या ताईंनी काय विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. त्यांचे सासरे तारवटी होते, बोटीवरून पाठवलेले पैसे एका सरकारी बँकेत साठायचे, बचत खात्यावरचा शेवटचा व्यवहार २००३ चा. सासरे वारले, आणि पासबुक सापडलं चवथीच्या साफसफाईत. बँकेत गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "पैसे आरबीआयकडे गेले, सरकारचा आदेश आहे." ताईंना पैसे कसे मिळतील हे तर हवंच आहे, पण त्यांनी पुढे विचारलंय की हा आदेश कोणी काढला, तो संसदेत कधी मांडला होता का, आणि एवढ्या लोकांच्या पैशाचं सरकार करतं काय ते निदान आपल्या खासदारांना तरी माहीत असतं का.

मी सरकारी बँकेत ३१ वर्षं काढली, बहुतेक गोव्यातच, बार्देश आणि फोंडा भागातल्या शाखांत, आणि शेवटची काही वर्षं विभागीय कार्यालयात जिथे संसदेतल्या प्रश्नांसाठी लागणारे आकडे आमच्या टेबलावरून वर जायचे. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू बघितल्यात, खातेदार समोर बसलेला असतो ती आणि दिल्लीला उत्तर पाठवायचं असतं ती पण.

सगळ्यात आधी, त्या मुलाने सांगितलं ते अर्धवट आहे. तुमच्या सासऱ्यांचे पैसे "सरकारच्या आदेशाने" गेले नाहीत, संसदेने केलेल्या कायद्याने गेले. बँकिंग रेग्युलेशन अॅक्टमध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम २६ए घातलं, त्यात लिहिलंय की दहा वर्षं ज्या खात्यावर हालचाल नाही किंवा जी ठेव कोणी मागायला आलं नाही ती रक्कम बँकेने तीन महिन्यांच्या आत रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात भरायची. या फंडाचं नाव ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी, बँकेत आम्ही सगळे त्याला "डीफ" म्हणायचो. त्याची योजना २४ मे २०१४ ला राजपत्रात आली आणि त्या जूनअखेरीला देशभरातल्या बँकांनी साठलेली सगळी जुनी शिल्लक एका झटक्यात तिकडे भरली. तुमचं खातं बचत खातं असेल आणि २००३ नंतर खरंच काही व्यवहार नसेल तर ते त्याच पहिल्या खेपेत गेलं असणार. मुदत ठेव असेल तर गणित वेगळं, तिथे मुदत संपल्यापासून दहा वर्षं मोजतात, म्हणून पासबुकाबरोबर एफडीची पावती पण आहे का ते नीट बघा.

तो जून महिना मला अजून आठवतो. खात्यांच्या याद्या छापून आल्या होत्या, आम्ही चार जण रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबून एकेक नाव जुन्या लेजरशी ताडून बघत होतो, आणि त्या यादीत मला प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांचं नाव होतं. ते जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा कुवेतला. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाड्यावर जाऊन भावाला सांगितलं म्हणून ते खातं वाचलं. पण त्या यादीत शेकडो नावं होती, आणि मी ओळखत होतो तो एकच. बाकीच्यांच्या घरी कोण जाणार होतं?

आता कायदा म्हटला की संसदेने एकदा मान्यता दिली, इथपर्यंत बरोबर. खरा प्रश्न त्याच्या नंतरचा. कायद्यात फक्त एवढंच म्हटलंय की हा पैसा ठेवीदारांच्या हितासाठी वापरायचा, आणि आणखी कशाकशासाठी ते रिझर्व्ह बँक वेळोवेळी ठरवेल. फंड बघायला रिझर्व्ह बँक एक समिती नेमते, डेप्युटी गव्हर्नर तिचे अध्यक्ष. हिशोब वेगळा ठेवा असंही कलमात आहे. पण तो हिशोब संसदेच्या पटलावर ठेवा, महालेखापालांकडून म्हणजे कॅगकडून तपासून घ्या, असं त्या कलमात कुठेच नाही. ताई, तुम्हाला जी खटकलेली गोष्ट आहे ना ती नेमकी इथे आहे.

हे किती महत्त्वाचं ते शेजारच्या फंडाकडे बघितलं की कळतं. समजा तुमच्या सासऱ्यांनी बँकेत पैसे न ठेवता एखाद्या कंपनीचे शेअर घेतले असते आणि डिव्हिडंड सात वर्षं उचलला नसता, तर तो गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत, आयईपीएफमध्ये गेला असता. तोही बेवारस पैसाच. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की त्या निधीचे हिशोब कॅग तपासणार आणि वार्षिक अहवाल व ऑडिट रिपोर्ट केंद्र सरकार संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवणार. म्हणजे शेअर घेणाऱ्याच्या विसरलेल्या पैशाचा अहवाल आपोआप संसदेत पोचतो, आणि बोटीवर घाम गाळून बचत खात्यात टाकलेल्या पैशाचा हिशोब कोणी विचारला तरच पोचतो. २०२५ च्या बँकिंग दुरुस्ती कायद्याने सरकारी बँकांचे न मागितलेले शेअर आणि बाँडवरचं व्याज पण आयईपीएफकडे पाठवायची सोय केली. तेव्हाच २६ए मध्ये पण एक ओळ घालता आली असती, "समितीचा वार्षिक हिशोब दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा" एवढीच. घातली नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण अशी दुरुस्ती परत परत येत नाही.

रिझर्व्ह बँक काहीच सांगत नाही असं मी म्हणत नाही, तिच्या वार्षिक अहवालात फंडाचा आकडा असतो, ताळेबंदात तो "ठेवी, इतर" या शीर्षकाखाली मोडतो, आणि तो अहवाल सरकारकडे जातो, प्रसिद्ध होतो, कोणीही वाचू शकतो. तसंच प्रत्येक बँकेच्या वार्षिक अहवालात हिशोबाला जोडलेल्या टिपांमध्ये डीफचा छोटा तक्ता असतो, वर्षाच्या सुरुवातीला किती होते, वर्षात किती पाठवले, किती परत आले, शेवटी किती. हा तक्ता फार कमी लोक उघडतात पण त्यातली "परत आले" ही ओळ बघा, ती "पाठवले" पेक्षा किती लहान आहे तेवढं बघितलं तरी बँकेने किती शोध घेतला ते समजतं. सरकारी बँकांचे वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवावेच लागतात, त्यामुळे या तुकड्यातुकड्यांनी काही माहिती तिथे जाते. पण तुकडे जोडून एक चित्र करायचं काम कोणावर बंधनकारक नाही.

आता "आदेश" या शब्दाकडे येतो, कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात आणि मग माहिती मागायला गेलं की चुकीच्या दारात उभे राहतात.

एक असतात रिझर्व्ह बँकेचे बँकांना दिलेले निर्देश, कलम ३५ए खालचे. हे बहुतेक करून वेबसाइटवर असतात, उदाहरणार्थ १ जानेवारी २०२४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं, ज्यात बंद पडलेल्या खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायचा नाही आणि खातं परत चालू करायला चार्ज घ्यायचा नाही असं सांगितलंय. हे तुम्हाला बघायला मिळतं, यात लपवाछपवी काही नाही.

दुसरे सरकारचे सरकारी बँकांना दिलेले निर्देश. १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम ८ खाली केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांशी सल्लामसलत करून धोरणात्मक बाबतीत निर्देश देऊ शकतं, स्टेट बँकेसाठी तसंच कलम १८ आहे १९५५ च्या कायद्यात. तिसरं म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेला निर्देश द्यायचा अधिकार, १९३४ च्या कायद्याचं कलम ७, २०१८ मध्ये त्यावरून देशभर चर्चा झाली ते तुम्हाला आठवत असेल. या कलमांत दिलेला निर्देश संसदेपुढे ठेवायची सक्ती नाही. नियम केले, म्हणजे रूल्स, तर ते संसदेपुढे ठेवावे लागतात. निर्देश दिला तर नाही. परिणाम दोन्हीचा बँकेवर सारखाच होतो हो, शाखेत बसलेल्या माणसाला वरून आलेला कागद म्हणजे कागद.

आणि चौथा प्रकार तर कुठल्याच कलमात बसत नाही. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचं पत्र, बैठकीतली सूचना, व्हिडिओ कॉन्फरन्स. माझ्या अनुभवात बँका सगळ्यात जास्त हालतात त्या याच्याने. एक उदाहरण घ्या, यात काही गुपित नाही. ८ मे २०२३ ला वित्तीय स्थैर्य आणि विकास परिषदेची बैठक झाली, अध्यक्ष अर्थमंत्री निर्मला सीतारामन, तिथे सांगितलं गेलं की बेवारस ठेवींसाठी खास मोहीम घ्या. १२ मे ला रिझर्व्ह बँकेने "१०० डेज १०० पेज", म्हणजे शंभर दिवसांत शंभर ठेवी परत, ही मोहीम जाहीर केली, १ जूनपासून प्रत्येक बँकेने प्रत्येक जिल्ह्यातल्या वरच्या शंभर बेवारस ठेवी शंभर दिवसांत शोधून द्यायच्या. चार दिवसांत! काम चांगलंच होतं, मी स्वतः त्या सुमाराला जुन्या सहकाऱ्यांना पत्ते शोधायला मदत केली. पण बघा, दिशा ठरली एका बैठकीत, लोकांपुढे आलं एक प्रेस नोट, आणि त्या शंभर दिवसांत कुठल्या जिल्ह्यात किती सापडले याचा जिल्हावार तक्ता संसदेपुढे ठेवायची जबाबदारी कोणावरच नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये "आपकी पूंजी आपका अधिकार" मोहीम सुरू झाली, जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं, तिचंही तेच. चांगल्या कामाचा पण हिशोब मांडायला हवा, उलट चांगल्या कामाचा तर आनंदाने मांडावा.

आणखी एक ताजी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका वर्षासाठी रिझर्व्ह बँकेने योजना आणली की बंद खाती आणि बेवारस ठेवी परत मिळवून देणाऱ्या बँकांना प्रोत्साहन रक्कम मिळेल, आणि ती येणार याच फंडातून. आता यावर माझं मत असं की हेतू बरोबर आहे, शाखेत माणूस कमी, जुन्या खातेदाराला शोधायला कोणाला वेळ नाही, पैसे मिळाले तर बँका हलतील. पण पैसा ठेवीदारांचा आहे आणि तो बँकांना दिला जातोय, ज्या बँकांचं ते खातेदार शोधायचं काम मुळातच होतं. मग कुठल्या बँकेला किती गेले हे संसदेला दरवर्षी न मागता कळायला नको? मी म्हणतो कळायलाच हवं.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: पैसा गेला तो संसदेच्या कायद्याने, फंड चालवते रिझर्व्ह बँकेची समिती, सरकार बाजूने दिशा देतं कधी निर्देश म्हणून तर जास्त करून पत्र आणि बैठकीतून, आणि यातलं काहीही आपणहून संसदेपुढे येईलच असा नियम नाही. सरकार हा पैसा रस्ते-पूल बांधायला वापरतं असं काही जण म्हणतात ते चूक आहे, कायदा तसं करू देत नाही. इंग्लंडमध्ये वेगळं आहे, तिथे २००८ च्या कायद्याने पंधरा वर्षं पडून राहिलेला पैसा समाजकार्याला जातो, पण कशावर खर्चायचा यावर २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली आणि २०२३ मध्ये मंत्र्यांचा आदेश मसुदा म्हणून संसदेत चर्चेला आला. आपल्याकडे खर्चाची वाट अरुंद आहे, ते बरंच आहे, तिथे खिडकी नाही एवढंच.

मग संसदेला आज कळतं कसं? प्रश्नाने. आणि इथे माझा प्रत्यक्ष अनुभव सांगतो. लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, अर्थ मंत्रालयाची पाळी लोकसभेत सोमवारी आणि राज्यसभेत मंगळवारी. प्रश्न स्वीकारला की मंत्रालयाकडून बँकांना मेल येतो, विषयाच्या जागी "पार्लमेंट क्वेश्चन, तातडीचे", आणि मुदत बहुतेक वेळा आज संध्याकाळपर्यंत. विभागीय कार्यालयात सगळी कामं बाजूला. पण मेलमध्ये जेवढं विचारलंय तेवढंच आम्ही भरायचो, तक्त्याचे रकाने वरून ठरून यायचे, कुठल्या तारखेचा आकडा, कुठली खाती धरायची, सगळं. एखादी गोष्ट आम्हाला माहीत असायची, महत्त्वाची असायची, पण रकाना नसला तर ती दिल्लीला जायची नाही. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही, उत्तर प्रश्नापुरतंच येतं हे समजावं म्हणून सांगतोय.

त्याचा परिणाम बघा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, मार्च २०२३ अखेर बेवारस ठेवी ४२,२७० कोटी, त्यात सरकारी बँकांच्या ३६,१८५ कोटी, आदल्या वर्षी एकूण ३२,९३४ कोटी होत्या. आणि रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात त्याच मार्च २०२३ ला फंडात ६२,२२५ कोटी, मार्च २०२४ ला ७८,२१३ कोटी. एकाच तारखेचे दोन आकडे, फरक जवळजवळ वीस हजार कोटींचा! लगेच घोटाळा म्हणू नका, प्रश्न विचारला होता सरकारी आणि खाजगी बँकांच्या ठेवींबद्दल, आणि फंडात सहकारी बँकांचे पैसे पण येतात, न वटवलेले डिमांड ड्राफ्ट, पे ऑर्डर असल्या ठेव नसलेल्या रकमा पण येतात. पण सामान्य माणसाने काय समजायचं? जुलै २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं, ३० जून २०२५ ला ६७,००३ कोटी, एकट्या स्टेट बँकेचे १९,३२९ कोटी. आता हा ६७ हजार त्या ७८ हजारापेक्षा कमी म्हणून पैसे परत गेले असं कोणी लिहिलं तर ते साफ चुकीचं ठरेल, दोन मापं वेगळी आहेत. पटलावर दरवर्षी एकाच नमुन्यातला हिशोब आला असता तर हा गोंधळच झाला नसता. पत्रकार सुचेता दलाल यांनी या विषयावर सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली आणि २०२२ मध्ये कोर्टाने नोटीस काढली, तीही मूळात हेच मागत होती की वारसाला खातं शोधता येईल अशी एकत्रित माहिती एका जागी ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये बेवारस ठेवी नावाने शोधायचं रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आलं ते या सगळ्या रेट्यानंतर. रेटा लागतो, आपोआप होत नाही.

गोव्यातल्या माणसाला हे जास्त लागतं असं मला वाटतं. १९६१ मध्ये बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेलं आमच्या लोकांचं सोनं लिस्बनला गेलं आणि १९९१ मध्ये परत आलं, तीस वर्षं. माझ्या आजीच्या दोन पाटल्या त्यात होत्या अशी घरातली आठवण आहे, ती मात्र बघायला राहिली नाही. आपल्या माणसांचा पैसा कुठल्यातरी मोठ्या तिजोरीत सुरक्षित आहे एवढं सांगून भागत नाही, तो कुठे आहे, कोण सांभाळतंय, कधी मिळणार हे सांगावं लागतं. आणि आपल्याकडे बोटीवर, आखातात, आता पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली इतकी घरं आहेत की बंद पडलेली खाती प्रत्येक वाड्यावर निघतील.

तर करायचं काय. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, तीनच खासदार, त्यामुळे भेट मिळणं महाराष्ट्रापेक्षा सोपं आहे, त्यांच्या कार्यालयात लेखी द्या. पण "बेवारस पैशाचं काय झालं" असं देऊ नका, ते परत येईल. एका माणसाच्या खात्याबद्दलचा प्रश्न सहसा घेत नाहीत, मत विचारलेलं चालत नाही, जी माहिती छापील कागदपत्रात आधीच आहे ती विचारली तर फेटाळतात, आणि लोकसभेत प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. म्हणून एकूण किती कोटी हे विचारण्यात संधी घालवू नका. मी एका ओळखीच्या कार्यकर्त्याला करून दिलेला मसुदा इथे देतो, हवा तसा वापरा:

"अर्थमंत्री सांगतील काय: ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीतून गेल्या पाच वर्षांत वर्षवार कोणत्या कामावर किती खर्च झाला, याच काळात राज्यवार, गोव्यासह, किती खातेदारांना किती रक्कम परत मिळाली, बँकांना देण्यात आलेल्या प्रोत्साहन रकमेचा बँकवार तपशील काय, बेवारस ठेवींबाबत सरकारने सरकारी बँकांना व रिझर्व्ह बँकेला कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निर्देश वा पत्रे दिली व त्यांच्या प्रती सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय, निधीचे वार्षिक हिशोब संसदेपुढे ठेवण्यासाठी कलम २६ए मध्ये दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव आहे काय?"

यात "कोणत्या कलमाखाली" हे शब्द सोडू नका. कलम विचारलं की उत्तर लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं की हा निर्देश होता की नुसती सूचना, आणि ते एकदा कागदावर आलं की पुढच्या प्रश्नाला पाय मिळतो. राज्यवार आकडा ठेवत नाही असं उत्तर येऊ शकतं, पण सगळं आता कोअर बँकिंगवर आहे, प्रत्येक खात्याला शाखेचा कोड आहे, काढायचं म्हटलं तर गोव्याचा आकडा निघतो, मी असे तक्ते काढलेत. आणि उत्तरात "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असं आलं तर निराश होऊ नका, ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि सरकारी आश्वासनांची समिती त्याचा पाठपुरावा करते. उत्तरं सगळी संसदेच्या साइटवर मिळतात. खासदार नाहीच बोलले तर माहिती अधिकार आहे, दहा रुपये फी, एक अर्ज रिझर्व्ह बँकेला समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तासाठी आणि वेगळा अर्ज वित्तीय सेवा विभागाला पत्रांच्या प्रतींसाठी, एकत्र करू नका नाहीतर दोन महिने तो इकडून तिकडे फिरेल. रिझर्व्ह बँक आधी अशा अर्जांना नकार देत असे, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात तिला माहिती द्यायला लावली, अपिलात त्याचा दाखला द्या. किती मिळेल ते अधिकाऱ्यावर आणि तुम्ही किती नेमकं मागता त्यावर आहे, हमी मी देणार नाही.

आता तुमचे पैसे. ते बुडालेले नाहीत, फंडात गेलेल्या ठेवीवरचा हक्क संपत नाही, मागायचे त्याच शाखेत, आरबीआयला जायचं नाही. बँक तुम्हाला देते आणि नंतर फंडातून वसूल करते. बचत खातं असल्याने फंडात गेल्यापासून साधं व्याज मिळेल, जून २०१८ पर्यंत ४ टक्के, मग १० मे २०२१ पर्यंत ३.५, त्यानंतर ३ टक्के. काउंटरवरच्या मुलाला नको, थेट मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कागदांचं मात्र केसप्रमाणे बदलतं. नॉमिनी असेल तर सोपं. नसेल तर गोव्यात आपला वारसा कायदा वेगळा आहे हे बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला बरेचदा माहीत नसतं, तो वारसा दाखला कोर्टातून आणा म्हणतो. त्याला शांतपणे सांगा की २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली विशेष नोटरीकडे वारसांची डीड होते, आणि लग्नाचा वेगळा करार नसेल तर सासूबाई अर्ध्या वाट्याच्या मालकीण स्वतःच्या हक्काने आहेत, वारस म्हणून नाही. हे ऐकून अधिकारी कायदा विभागाला विचारतो, आठ-पंधरा दिवस जातात, पण मार्ग तोच. भावंडांत वाद असेल तर मग इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणीची प्रक्रिया, लागेल आणि ते लांबतं, त्यासाठी वकील करा.

उद्गमवर शोधताना एक लक्षात ठेवा, तिथे तीस बँका आहेत, बेवारस ठेवींची मूल्याने सुमारे नव्वद टक्के रक्कम येते पण प्रत्येक बँक येत नाही. आणि आपल्याकडची जुनी खाती पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने उघडलेली असतात. कामताचं कामोतीम, शेणव्याचं सिनाय, प्रभूचं पोरोब, नाईकात शेवटी के च्या जागी क्यू, गांवकरात के ऐवजी सी, देसायाला दोन एस. नवीन स्पेलिंग टाकून "काही सापडले नाही" आलं म्हणून हात टेकलेली किती माणसं मी बघितलीत. सासऱ्यांचं नाव पासबुकाच्या पहिल्या पानावर नेमकं कसं लिहिलंय, वडिलांचं नाव मधे आहे की नाही, ते बघून फक्त अक्षरांचं वळण इथे सांगा, खाते नंबर टाकू नका. मग कुठकुठली स्पेलिंग टाकून बघायची ती मी लिहून देतो.